युद्धनौकेचं मॉडेल करताय? संदर्भ, किट आणि बारीक पार्टबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

तेच तेच प्रश्न परत परत येतात म्हणून एकदा सगळं एका जागी लिहून काढलंय. क्रम फार काटेकोर नाहीये, जिथे मला बोलायला जास्त आहे तिथे जास्त बोललोय.

पहिल्यांदा काय घेऊ, किट की संदर्भ?

दोन्ही नाही. आधी तारीख ठरवा. जहाजाचं नाव ठरवून काम भागत नाही, कुठल्या महिन्यातलं जहाज ते ठरवायला लागतं, कारण युद्धनौका म्हणजे सतत दुरुस्ती चालू असलेली वस्तू आहे, प्रत्येक गोदीतल्या मुक्कामात काहीतरी निघतं आणि काहीतरी बसतं.

जर्मन बॅटलशिप बिस्मार्क घ्या. १९ मे १९४१ ला ती बाल्टिकमधून निघाली तेव्हा अंगावर काळेपांढरे पट्टे होते, २१ मेला नॉर्वेत बर्गनजवळ थांबली तिथे ते पट्टे करड्या रंगाने झाकले, आणि २७ मेला ती बुडाली. म्हणजे आठ दिवसांत एकाच जहाजाची दोन रूपं, आणि बॉक्सवरच्या चित्रात पट्टे दिसतात म्हणून लोक पट्टे मारून समोर ब्रिटिश हूडशी झुंज लावतात. हूडशी झुंज २४ मेची आहे राव, तोवर पट्टे झाकलेले होते.

जपानी यामाटोचंही तसंच. १९४१ च्या शेवटी सेवेत आली तेव्हा १५.५ सेंमीच्या तोफांचे चार टरेट, म्हणजे फिरते बुरुज, होते, १९४४ मध्ये बाजूचे दोन काढून तिथे विमानविरोधी तोफा भरल्या. एप्रिल १९४५ ची यामाटो करायची आणि पार्ट १९४१ चे घेतले तर पैसे गेलेच म्हणून समजा.

मी स्वतः हे शिकलो ते अमेरिकन विमानवाहू एंटरप्राइजवर, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली सीव्ही-६, नंतरची अणुशक्तीवाली नाही. मिडवेच्या, म्हणजे १९४२ च्या लढाईच्या वेळची करायची म्हणून बसलो आणि उत्साहात चाळीस मिलिमीटर बोफोर्स तोफांचा छानसा सेट घेऊन टाकला. त्या तोफा तिच्यावर १९४३ च्या मोठ्या दुरुस्तीत बसल्या, मिडवेला १.१ इंची होत्या. तो सेट अजून डबीत पडून आहे.

एका क्लासची, म्हणजे एकाच आराखड्यावर बांधलेली सगळी जहाजं सारखीच ना? मग एकाच्या फोटोवरून दुसरं केलं तर?

करू नका, किंवा केलंत तर डोळे उघडे ठेवून करा. फ्लेचर क्लासचे १७५ डेस्ट्रॉयर बांधले, त्यात आधीच्यांचा ब्रिज, म्हणजे जिथून जहाज चालवतात तो भाग, गोल आहे नंतरच्यांचा चौकोनी, शिवाय १९४५ मध्ये कामिकाझेच्या धास्तीने काहींच्या टॉर्पेडो नळ्या काढून जादा तोफा बसवल्या. एसेक्स क्लासच्या विमानवाहू कॅरिअरमध्ये आखूड नाळेच्या आणि लांब नाळेच्या (नाळ म्हणजे जहाजाचं पुढचं टोक) असे दोन गट आहेत आणि हा फरक हलमध्येच, म्हणजे जहाजाच्या मूळ अंगातच असल्यामुळे नंतर कापाकापी करून दुरुस्त करणं जिकिरीचं होतं. फ्लॉवर क्लासच्या कॉर्व्हेटचा पुढचा डेक आधी आखूड, नंतर लांब. बॉक्सवर क्लासचं नाव मोठं आणि जहाजाचं नाव छोटं असेल तर आत कुठलं रूप आहे ते स्प्रूचे, म्हणजे पार्ट जिला जोडलेले येतात त्या प्लास्टिकच्या चौकटीचे फोटो बघूनच ठरवायचं.

स्केल कुठलं घेऊ?

जागा मोजा आणि मग ठरवा. १/७०० मध्ये, म्हणजे खऱ्या जहाजाच्या सातशेव्या भागाएवढ्या आकारात, सगळ्यात जास्त जहाजं मिळतात, कारण १९७१ मध्ये जपानच्या शिझुओकातल्या चार कंपन्यांनी, म्हणजे तामिया, हासेगावा, आओशिमा आणि फुजिमी यांनी मिळून वॉटरलाइन सिरीज (पाण्याच्या रेषेखालचा भाग नसलेली जहाजं) सुरू केली आणि कोण कुठलं जहाज करणार ते आपसात वाटून घेतलं. फुजिमी १९९२ मध्ये त्यातून बाहेर पडली आणि मग स्वतःचीच वेगळी मालिका काढली, म्हणून जपानी जहाजांची काही किट दोनदोनदा दिसतात.

१/३५० म्हणजे बरोब्बर दुप्पट. यामाटो २६३ मीटर लांब, ती १/७०० मध्ये साधारण साडेसदतीस सेंटिमीटर होते, १/३५० मध्ये पंचाहत्तर, आणि १/२०० मध्ये १३१ च्या पुढे. १/२०० चं जहाज घरात आणण्याआधी ते कुठे ठेवणार आणि धूळ कोण पुसणार हे घरच्यांशी बोलून घ्या, मी गंमत करत नाहीये.

१/६०० एअरफिक्सने चालवलं, १/४०० हेलरने, १/७२० रेवेल आणि इटालेरीने. या स्केलमध्ये चांगली जहाजं आहेत पण वेगळे डिटेल पार्ट फारच कमी मिळतात, त्यामुळे सगळी बारकाई हाताने करायची तयारी हवी. आणि फार जुन्या किटना तर स्केलच नव्हतं, बॉक्समध्ये मावेल एवढं जहाज करायचे. रेवेलची १९५३ ची मिझुरी १/५३५ निघते ती त्यातूनच.

नवीन माणसाला माझा सल्ला १/३५० चा एखादा डेस्ट्रॉयर. फ्लेचर १/३५० मध्ये ३३ सेंटिमीटरच्या आत बसतो, पार्ट हातात धरण्याएवढे असतात आणि संपण्याची शक्यता असते. पहिलंच मॉडेल बॅटलशिप घेणाऱ्यांची अर्धी जहाजं कपाटात असतात.

फोटो कुठे शोधायचे? गुगलवर तेच तेच चार येतात

कारण आपण नुसतं नाव टाकतो. एकाच नावाची पाचसात जहाजं होऊन गेलेली असतात, त्यामुळे नावापुढे नंबर टाका, अमेरिकन असेल तर हल नंबर, ब्रिटिश असेल तर पेनंट नंबर, दोन्ही म्हणजे नौदलाने जहाजाला दिलेला ओळख क्रमांक. जपानी जहाज असेल तर नाव कांजीत टाकून शोधा, रशियन असेल तर सिरिलिकमध्ये, पेस्ट करायला काय जातंय, पण निकाल एकदम वेगळे येतात आणि त्या त्या देशातल्या मॉडेलवाल्यांचं कामही सापडतं.

अमेरिकन जहाजांचं काम सगळ्यात सोपं आहे. त्यांच्या नौदलाच्या इतिहास आणि वारसा विभागाने हजारो फोटो ऑनलाइन ठेवलेत, सरकारी असल्यामुळे बहुतेकांवर कॉपीराइटची भानगड नाही. फोटोखालचा नंबर टिपून ठेवायची सवय लावा. ८०-जी ने सुरू होणारे आणि १९-एन ने सुरू होणारे फोटो नॅशनल आर्काइव्हजमधले. हा नंबर हातात असला की त्याच फोटोची मोठी आणि न कापलेली प्रत शोधता येते, आणि हवी ती गोष्ट नेमकी कापलेल्या भागातच असते हा माझा अनुभव.

गोदीतले फोटो म्हणजे तर खजिना आहे. दुरुस्ती संपली की गोदीवाले जहाजाचे जवळून फोटो काढायचे आणि काय काय बदललं त्याभोवती पांढरे गोल करून ठेवायचे. नवीन रडार, नवीन तोफ, हललेली तराफ्याची जागा, सगळं गोल करून दिलेलं. शिवाय तारीख लिहिलेली. आपल्यासाठीच काढलेत असं वाटतं. त्यामुळे जहाज कुठल्या गोदीत कधी होतं ते आधी शोधा आणि मग त्या महिन्याचे फोटो शोधा. नेव्हसोर्स नावाच्या साइटवर अमेरिकन जहाजांचे फोटो एकेका जहाजाच्या पानावर साधारण तारखेच्या क्रमाने लावलेत, तिथून सुरुवात केली तर बराच वेळ वाचतो.

ब्रिटिश जहाजांसाठी इम्पीरियल वॉर म्युझियमचा ऑनलाइन संग्रह, तिथे युद्धकाळातले अ‍ॅडमिरल्टीचे अधिकृत फोटो 'ए' अक्षराच्या नंबरांनी आहेत. जर्मन जहाजांसाठी त्यांच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने, बुंडेसआर्काइव्हने, २००८ मध्ये ऐंशी हजारांच्या वर फोटो विकिमीडिया कॉमन्सवर टाकले, सगळे जहाजांचे नाहीत अर्थात, पण त्यात बोटींचा भाग बराच आहे.

जपानी जहाजांचं दुखणं वेगळं आहे. ऑगस्ट १९४५ मध्ये शरणागतीच्या सुमारास त्यांनी कागदपत्रं आणि नकाशे मोठ्या प्रमाणात जाळले, त्यामुळे यामाटो आणि मुसाशीचे चांगले फोटो मोजकेच उरलेत. म्हणूनच यामाटोवर इतकी वादावादी चालते. कुरेच्या म्युझियममध्ये यामाटोचं १/१० स्केलचं मॉडेल आहे, २६.३ मीटर लांब, त्याचे लोकांनी काढलेले जवळचे फोटो खूप कामाला येतात, फक्त तेही मॉडेलच आहे हे विसरू नका.

नकाशे मिळतात का? आणि मिळाले तर आपल्या स्केलला कसे आणायचे?

मिळतात. अमेरिकन जहाजांचे 'बुकलेट ऑफ जनरल प्लॅन्स' स्कॅन करून फुकट ठेवलेत, बऱ्याच क्लासचे आहेत. ब्रिटिश जहाजांचे मूळ नकाशे ग्रीनिचच्या नॅशनल मॅरिटाइम म्युझियमच्या संग्रहात आहेत. त्यातले 'अ‍ॅज फिटेड' म्हणतात ते शोधा, म्हणजे जहाज बांधून झाल्यावर प्रत्यक्ष जसं होतं तसं काढलेलं. नंतरचे बदल त्यावरच वेगळ्या रंगाच्या शाईने दाखवलेले असतात, त्यामुळे काळापांढरा स्कॅन घेतलात तर आधीचं आणि नंतरचं एकमेकांत मिसळून डोकं फिरतं. रंगीतच घ्या.

स्केलचं गणित साधं आहे. इंची नकाशात एका फुटाला १/८ इंच असेल तर ते स्केल १/९६ झालं, आणि १/१६ इंच असेल तर १/१९२. १/९६ चा नकाशा १/३५० ला आणायला २७.४ टक्क्यांवर प्रिंट करा, १/७०० ला १३.७ टक्के. १/१९२ चा असेल तर १/३५० ला ५४.९ टक्के. पण पीडीएफमध्ये मूळ कागदाचा आकार बदललेला असू शकतो म्हणून प्रिंट काढल्यावर पट्टी लावून बघाच. जहाजाची खरी लांबी भागिले स्केल, एवढंच. फ्लेचर ११४.८ मीटर, भागिले ३५०, म्हणजे ३२८ मिलिमीटर यायला हवेत.

एक घोळ इथे नेहमी होतो. लांबी दोन प्रकारची असते, एक टोकापासून टोकापर्यंतची आणि एक पाण्याच्या रेषेवरची. वॉटरलाइन किटचा तळ मोजून त्याला टोकाटोकाच्या लांबीशी ताडून 'किट आखूड आहे' म्हणून बोंब मारणारे मी पाहिलेत. आणि नुसती लांबी बघू नका, रुंदीही बघा, जुन्या किटमध्ये लांबी बरोबर आणि रुंदी भलतीच असं सर्रास असतं.

म्युझियम म्हणून ठेवलेलं जहाज बघून मॉडेल केलं तर उत्तमच ना?

इथे सगळ्यात जास्त लोक फसतात. म्युझियममधलं जहाज हे सेवेतून निवृत्त झालं त्या दिवसाचं असतं, युद्धातलं नाही. मिझुरी पर्ल हार्बरला उभी आहे, पण ती १९८० च्या दशकातल्या आधुनिकीकरणानंतरची. टॉमाहॉक आणि हार्पून क्षेपणास्त्रं, फॅलँक्स तोफा सगळं अंगावर, आणि पाच इंची तोफांचे दहा जोडटरेट होते त्यातले चार काढलेले. २ सप्टेंबर १९४५ ची, जपानच्या शरणागतीच्या वेळची मिझुरी करायची असेल तर तिथल्या फोटोंतून तुम्हाला १६ इंची टरेटचे बारकावे, नांगराच्या साखळ्या, डेकवरचे बोलार्ड (दोर बांधायचे खुंट) असलं काहीतरी मिळेल, मधल्या भागाकडे बघूसुद्धा नका.

लंडनची बेलफास्ट त्याहून लबाड आहे. तिच्या अंगावर रंग १९४२ ते १९४४ च्या काळातल्या कॅमोफ्लाजचा आहे आणि वरचं बांधकाम १९५० च्या दशकाच्या शेवटी झालेल्या आधुनिकीकरणाचं. म्हणजे असं जहाज त्या रूपात समुद्रावर कधी नव्हतंच. जपानात योकोसुकाला असलेली मिकासा तर मधल्या काळात पार उघडी पडली होती, वरचं सगळं गेलेलं, १९६१ मध्ये परत उभी केली, तेव्हा तिच्या वरच्या भागाकडे संदर्भ म्हणून बघताना जपूनच.

याला अपवाद आहेत. अमेरिकेत बॅटन रूजला असलेला किड हा फ्लेचर क्लासचा डेस्ट्रॉयर मुद्दाम १९४५ च्या रूपात परत नेलाय, फ्लेचर करणाऱ्याला त्याच्यासारखा संदर्भ नाही. कुठल्याही म्युझियम जहाजाचे फोटो बघताना फक्त एक प्रश्न स्वतःला विचारायचा, ही वस्तू माझ्या तारखेला इथे होती का, आणि उत्तर त्या काळच्या फोटोतच शोधायचं.

बुडालेल्या जहाजांचे पाण्याखालचे फोटोही आहेत, बिस्मार्क १९८९ मध्ये सापडली, हूड २००१ मध्ये, मुसाशी २०१५ मध्ये. एखादी जोडणी कशी होती, एखादं झाकण कुठे होतं असल्या गोष्टींचा निकाल त्यावरून लागतो. रंग मात्र त्यावरून ठरवायला जाऊ नका.

काळ्यापांढऱ्या फोटोवरून रंग कसा ओळखायचा?

नुसत्या फोटोवरून नाही ओळखता येत, खरं सांगतो. त्या काळात दोन जातीच्या फिल्म वापरात होत्या. ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग दिसतच नाही, त्यामुळे लाल जवळजवळ काळा येतो आणि निळा उजळ येतो. पॅनक्रोमॅटिकला सगळे रंग दिसतात. म्हणजे तेच जहाज, तीच दुपार, दोन कॅमेरे, आणि निळसर करडा रंग एकात फिका दुसऱ्यात गडद. त्यात ओला डेक गडद दिसतो, सावलीतली बाजू वेगळी दिसते, आणि स्कॅन करणाऱ्याने कॉन्ट्रास्ट वाढवलेला असतो तो वेगळाच.

त्यामुळे फोटोवरून नमुना घ्यायचा, म्हणजे कुठला भाग गडद कुठला फिका, रेषा कुठून कुठे जाते, आणि रंग घ्यायचा त्या नौदलाच्या लेखी हुकमांवरून. अमेरिकन नौदलाच्या कॅमोफ्लाज योजनांना 'मेझर' आणि पुढे नंबर असायचा. मेझर २१ म्हणजे उभ्या भागांवर सगळीकडे गडद नेव्ही ब्लू, मेझर २२ म्हणजे खाली नेव्ही ब्लू आणि वर फिका हेझ ग्रे, मेझर ३२ मध्ये ते तुकड्यातुकड्यांचे डॅझल नमुने. मिझुरी १९४४ मध्ये सेवेत आली ती डॅझलमध्ये आणि शरणागतीच्या वेळी होती मेझर २२ मध्ये. परत तारखेवरच आलो बघा.

जपानी जहाजांना रंग ज्या गोदीत लागला तिथला, कुरेचा करडा वेगळा, सासेबोचा वेगळा, योकोसुका आणि मायझुरूचे आणखी वेगळे. तामियाने हे चारही रंग काढलेत, एक्सएफ-७५ कुरे, ७७ सासेबो, ८७ मायझुरू, ९१ योकोसुका. म्हणजे तुमचं जहाज शेवटचं कुठल्या गोदीत होतं ते कळलं की रंगाचा प्रश्न सुटला, निदान वाद घालायला आधार तरी मिळाला.

काही गोष्टींचा निकाल लागलेलाच नाहीये. ७ डिसेंबर १९४१ ला, पर्ल हार्बरवरच्या हल्ल्याच्या दिवशी, अमेरिकन बॅटलशिप अ‍ॅरिझोनाचा रंग गडद करडा होता की निळा यावर लोक अजून भांडतात. अशा वेळी जे पटेल ते करा आणि कोणी बोट दाखवलं तर 'तुमच्याकडे रंगीत फोटो आहे का' एवढंच विचारा.

पुस्तकं घ्यावीत का, सगळं तर नेटवर आहे

एखादं जहाज मनापासून करणार असाल तर एक चांगलं पुस्तक घ्याच. कॉनवे प्रकाशनाच्या 'अ‍ॅनाटॉमी ऑफ द शिप' मालिकेत एका पुस्तकात एकच जहाज आणि शेकडो रेखाचित्रं असतात, तसली पुस्तकं समोर उघडी ठेवून काम करता येतं. पोलंडमधूनही जहाजांच्या नकाशांची आणि थ्रीडी चित्रांची बरीच पुस्तकं निघतात. थ्रीडी चित्रं फार सुंदर असतात पण तीही कोणीतरी अभ्यास करून काढलेलीच असतात, त्याची चूक तुमच्या मॉडेलवर येते. फोटो आणि रेखाचित्र भांडले तर फोटो खरा, आणि दोन फोटो भांडले तर दोघांच्या तारखा बघा.

किट नवीन साच्याचं आहे की जुनाच माल नवीन बॉक्समध्ये, हे कसं कळणार?

बॉक्सवरचं चित्र आणि वर्ष यावर अजिबात जाऊ नका. साचे कंपन्यांमध्ये फिरतात, मॅचबॉक्सचे साचे रेवेलकडे गेले, एकाचा प्लास्टिक दुसऱ्याच्या बॉक्समध्ये हे रोजचं आहे. स्केलमेट्स साइटवर किटचं नाव टाका, ते साचा पहिल्यांदा कधी आला, नंतर कोणाकोणाच्या बॉक्समध्ये गेला, कधी नवीन पार्ट जोडले हे सगळं एका रेषेवर दाखवतं. दोन मिनिटांचं काम आहे आणि त्याने माझे कितीतरी पैसे वाचलेत. तामियाच्या १/३५० यामाटोचीच दोन पूर्ण वेगळी किट आहेत, एक १९८० च्या काळातलं आणि एक २०११ चं नवीन साच्याचं, नाव तेच, स्केल तेच, फरक जमीनअस्मानाचा.

स्प्रूचा फोटो मिळाला की मी तीन गोष्टी बघतो. जिने कसे आहेत, म्हणजे खालून पोकळ की देवळाच्या पायऱ्यांसारखे भरीव. पोर्टहोल कोरलेले आहेत की नुसते ठसे. आणि विमानविरोधी तोफा, त्या काडीसारख्या जाड असतील तर बाकीचंही तसंच असणार.

१/७०० मध्ये सध्या फ्लायहॉकचा माल बघितला की जुन्या किटकडे बघवत नाही. मात्र पार्ट इतके बारीक असतात की शिंक आली तर अर्धा तास जमिनीवर रांगायचं.

माझं जहाज प्लास्टिकमध्ये कोणी काढलेलंच नाही

मग रेझिन, म्हणजे साच्यात ओतून केलेली किट. रशियाची कोम्ब्रिग, पोलंडची निको अशा कंपन्यांनी प्लास्टिकवाले ज्यांच्या वाटेला जात नाहीत अशी जहाजं काढलीत, विशेषतः पहिल्या महायुद्धाच्या आधीची. रेझिनला प्लास्टिकचा सिमेंट चालत नाही, सुपरग्लू किंवा इपॉक्सी लागतो. घासताना पाणी लावून घासा आणि मास्क घाला, ती धूळ फुप्फुसात जायला नको, यात आळस करू नका. हल वाकडा आला तर घाबरू नका, गरम पाण्यात बुडवून सरळ करून सपाट जागेवर थंड होऊ द्यायचा.

दुसरा रस्ता म्हणजे त्याच क्लासच्या बहिणीचं किट घेऊन बदल करणं. यात आधी यादी करा की हलमध्ये काय फरक, वरच्या बांधकामात काय, आणि शस्त्रांमध्ये काय. फरक नुसता शस्त्रांत असेल तर आनंदाने करा. हलमध्ये असेल तर दोनदा विचार करा.

तिसरा रस्ता घरच्या थ्रीडी प्रिंटरचा. १/३५० साठी बनवलेली फाइल सरळ निम्मी करून १/७०० ला छापायला गेलात तर ०.३ मिलिमीटरची कांब ०.१५ ची होते आणि सपोर्ट काढताना मोडते. बारीक कांबा फाइलमध्येच जाड करून घ्याव्या लागतात.

पीई, बॅरल, थ्रीडी पार्ट, लाकडी डेक... यातलं खरंच लागतं काय?

लागत काहीच नाही. पण पैसे घालायचेच असतील तर माझा क्रम सांगतो.

सगळ्यात आधी रेलिंग. खरं रेलिंग मीटरभर उंच असतं, १/७०० मध्ये ते १.४ मिलिमीटर, प्लास्टिकमध्ये होणंच शक्य नाही, ते पितळेच्या कोरीव पत्र्याचंच लागतं, त्यालाच आपण पीई म्हणतो. एवढ्या एका गोष्टीने मॉडेल खेळण्यातून उठून जहाज होतं. घेताना आडव्या ओळी किती, दोन की तीन, आणि त्या ताठ सळया की लोंबत्या साखळ्या ते तुमच्या जहाजाच्या फोटोत बघून घ्या.

मग रडार, क्रेन, कॅटपल्ट, म्हणजे ज्या वस्तू मुळातच जाळीदार होत्या. त्या प्लास्टिकमध्ये भरीव येतात आणि डोळ्यात खुपतात.

मग तोफांचे बॅरल. पोलंडच्या मास्टर कंपनीचे लेथवर कातलेले पितळी बॅरल सगळीकडे वापरतात. इथे एक बारीक गोष्ट बघायची. काही नौदलांच्या मोठ्या तोफांना बुडाशी कॅनव्हासचं आवरण असतं, ब्लास्ट बॅग म्हणतात. किटच्या प्लास्टिक बॅरलवर ती आयती ओतलेली असेल आणि तुम्ही बॅरल कापून पितळी लावलात तर ती गेली. मग पुट्टीने करत बसा किंवा आधीच वेगळी मिळते का बघा.

लहान विमानविरोधी तोफांसाठी पीई घेऊ नका असं माझं मत. चपट्या पत्र्याची तोफ बाजूने बघितली की गायब होते. त्यापेक्षा फाइन मोल्ड्सची नॅनो ड्रेड मालिका आहे, साध्या प्लास्टिकमध्ये इतकं बारीक काम की पहिल्यांदा बघितल्यावर विश्वास बसत नाही, आणि प्लास्टिकच असल्यामुळे चिकटवायला त्रास नाही. हल्ली थ्रीडी प्रिंटचे पार्टही जबरदस्त मिळतात. ते ठिसूळ असतात, सपोर्टवरून काढताना नखाने ओढू नका, बारीक करवतीने किंवा नवीन ब्लेडने हळूच.

पूर्ण डिटेल सेट, कोरियाच्या पोंटोसचे वगैरे, ते शेवटी. एका बॉक्समध्ये पीई, बॅरल, डेक सगळं असतं, किंमत कधीकधी किटच्याही वर जाते, आणि पहिल्या पानावरच किटवरचा अर्धा तपशील घासून काढा असं सांगितलेलं असतं. ज्यांनी आधी दोनचार जहाजं पीई लावून पूर्ण केलीत त्यांनीच घ्या.

एका कंपनीच्या किटसाठीचा पीई दुसऱ्या कंपनीच्या किटला चालेल का?

रेलिंग, जिने, रडार, दोरीची रिळं असलं सुटं सामान चालतं. डेकच्या किंवा भिंतीच्या आकाराला धरून कापलेलं काहीही चालत नाही, जहाज आणि स्केल तेच असलं तरी नाही. सेटच्या पाकिटावर कुठल्या किटसाठी ते लिहिलेलं असतं आणि तेही किटचा जुना साचा की नवा ते बघून घ्या.

लाकडी डेक लावू का?

दिसायला भारी दिसतो. पण तुमच्या तारखेला तो डेक लाकडाच्या रंगाचा होता का? अमेरिकन नौदलाने १९४१ पासून युद्धभर लाकडी डेक निळे रंगवले होते, डेक ब्लू म्हणून रंगच आहे. १९४३ च्या अमेरिकन बॅटलशिपवर पिवळाधमक लाकडी डेक लावलेली मॉडेल बघितली की मला त्या माणसाच्या मेहनतीचं वाईट वाटतं. जपानी क्रूझर आणि डेस्ट्रॉयरच्या डेकवर तपकिरी लिनोलियम आणि आडव्या पितळी पट्ट्या, तिथेही लाकूड नाही.

शिवाय १/७०० मध्ये पंधरा सेंटिमीटरची फळी ०.२ मिलिमीटर रुंद होते, त्यातल्या फटी तर दिसायलाच नकोत. १/३५० आणि १/२०० ला डेक शोभतो, १/७०० ला मी रंगच मारतो.

रिगिंगला, म्हणजे डोलकाठ्यांवरच्या तारा-दोऱ्यांना काय वापरू?

जे सगळ्यात बारीक मिळेल ते, तरीही जाडच होईल. माणसाचा केस साधारण ०.०७ मिलिमीटर धरला तर १/७०० मध्ये तो पाच सेंटिमीटर जाडीचा दोर झाला. ताणला तरी न तुटणारा लवचिक धागा जहाजांसाठी म्हणून मिळतो, चुकून बोट लागलं तरी परत जागेवर येतो. फुकटातला उपाय म्हणजे स्प्रूचा तुकडा मेणबत्तीवर मऊ करून ताणायचा, केसासारखी तार निघते. नकाशात दाखवलेल्या सगळ्या तारा लावू नका, फोटोत लांबून डोळ्यांना दिसतात तेवढ्याच लावा.

मला हवा असलेला सेट बनवणारी कंपनीच बंद पडलीय

होतं असं. व्हाइट एन्साइनचे पीई सेट एके काळी ब्रिटिश जहाजांसाठी पहिली पसंती होते आणि ती कंपनी बंद झाली. त्यांचे कलरकोट्स रंग मात्र सॉव्हरिन हॉबीजकडे चालू राहिले. सेट बंद झाला तर आधी बघा की तोच पीई दुसऱ्या कोणाच्या नावाने येतोय का, मग सुट्या सामानाच्या सेटमधून जमतंय का, आणि मग जुन्या मालाच्या विक्रीत शोधा. अव्वाच्या सव्वा किंमत मागणाऱ्याला लगेच पैसे देऊ नका, सहा महिन्यांत कोणीतरी नवीन, बहुतेक वेळा जास्त चांगला सेट काढतं.

फारच स्वस्तात रेझिनचा पार्ट दिसला तर तो दुसऱ्याच्या मालावरून साचा मारलेला असू शकतो. असे पार्ट किंचित आकसलेले आणि कडा बोथट झालेले येतात, आणि ज्याने मूळ मेहनत केली त्याला त्यातून काही मिळत नाही.

जुनं, हाताळलेलं किट घेताना काय बघू?

आतल्या पिशव्या बंद आहेत का. नसतील तर स्प्रूचे फोटो मागवून पार्टच्या नकाशाशी एकेक ताडून बघा. बारीक पार्ट हरवलेले असतील तर चालतं, ते तसेही बदलायचेच असतात, पण हलचा अर्धा भाग किंवा डेक नसेल तर किट घेऊन उपयोग नाही. हल वाकडा झालाय का ते विचारा. डेकल (पाण्यात भिजवून चिकटवायची छापील चित्रं) पिवळी पडली असतील तर पिशवीत घालून खिडकीच्या काचेला आतून चिकटवून ठेवा, काही दिवसांच्या उन्हात पिवळेपणा बराच जातो. माझी एकदा दोन महिने तशीच खिडकीला राहिली आणि पांढरी शुभ्र झाली, म्हणजे निळे आकडेसुद्धा फिके झाले, तेव्हा कॅलेंडरवर खूण करून ठेवा.